स्वर्ग नावाचे गाव

कोकण रेल्वेच्या गाडीने मंगळूर मागे टाकून कासरगोडला उतरलेल्या मराठी माणसाला आपण परक्या मुलखात आलो आहोत असे वाटतच नाही. पाट्यांवरची लिपी बदललेली असते इतकेच. तोच तांबडा जांभा, त्याच पोफळीच्या बागा, उतरत्या कौलांची तीच घरे. पेर्ल्याकडे जाणारा रस्ता चढू लागला की काजूची झाडे दिसू लागतात आणि आपण वेंगुर्ल्याच्या आसपास कुठेतरी आहोत असा भास होतो. या डोंगराळ भागात कऱ्हाड्यांची जुनी घरे आहेत. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या या कुटुंबांनी मराठीची एक जुनी बोली घरात जपून ठेवली आहे. त्यांतलेच एक निवृत्त शिक्षक माझ्याबरोबर होते, म्हणून कन्नड वा मल्याळम येत नसतानाही मला लोकांशी बोलता आले.

एन्मकजे पंचायतीतील पड्रे आणि त्याच परिसरातील ‘स्वर्ग’ ही गावे पाहण्यासाठी मी गेले होते. येथील पाण्याची व्यवस्था मुद्दाम पाहण्यासारखी आहे. डोंगराच्या कुशीत आडवा बोगदा खणायचा. जांभ्यातून झिरपणारे पाणी त्यात गोळा होते आणि उताराने आपसूक घरापर्यंत येते. ना पंप, ना वीज. माणूस वाकून आत जाऊ शकेल एवढाच हा बोगदा असतो आणि त्याला ‘सुरंग’ म्हणतात. मी ओंजळभर पाणी पिऊन पाहिले, थंडगार आणि गोड. डोंगरमाथ्यावर जे पडेल ते कधी ना कधी खालचे गाव पिणार, असा त्याचा साधा हिशेब. हाच हिशेब पुढे गावाला नडला.

माथ्यावर काजूच्या बागा होत्या, प्लँटेशन कॉर्पोरेशन ऑफ केरळ या सरकारी महामंडळाच्या. कासरगोड जिल्ह्यात त्यांचे क्षेत्र सुमारे ४,७०० हेक्टर. काजूचा कोवळा मोहोर शोषून करपवणारा ढेकण्या आपल्या कोकणातील बागायतदारांनाही चांगला ठाऊक आहे. त्याच्या बंदोबस्तासाठी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत वर्षातून दोन-तीन वेळा हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात असे. फवारा शेंड्यांच्या अगदी जवळून मारायचा आणि आधी विहिरी-झरे झाकायचे, असा नियम होता. पण चढ-उतारांच्या मुलखात हेलिकॉप्टर किती खाली येणार? आणि वाहता ओढा झाकायचा तरी कशाने? लहानपणी हेलिकॉप्टर पाहायला आम्ही अंगणात धावत असू, असे माझ्याबरोबरच्या शिक्षकांच्या धाकट्या भावाने सांगितले.

पड्रे येथील वाणीनगरला डॉ. वाय. एस. मोहन कुमार हे ऐंशीच्या दशकापासून दवाखाना चालवीत. माझ्यासारखेच साधे जनरल प्रॅक्टिशनर. अपस्मार, मतिमंदत्व, जन्मजात व्यंगे, कर्करोग यांचे प्रमाण एवढ्याशा वस्तीत इतके का, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी घरोघरच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. पत्रकार श्री पड्रे यांनी या गोष्टी लिहून बाहेर नेल्या. लीलाकुमारी अम्मा या कृषी अधिकारी १९९८ मध्ये फवारणीविरुद्ध न्यायालयात गेल्या. सर्व यंत्रसामग्री हाताशी असलेल्या मोठ्या संस्था नंतर आल्या. आधी पाहिले ते गावात राहणाऱ्यांनी, हे मला वैद्यकीय व्यवसायातील माणूस म्हणून महत्त्वाचे वाटते.

२००१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने येथील पाणी, माती, रक्त आणि आईच्या दुधातही एंडोसल्फान असल्याचे सांगितले. महामंडळाने करवून घेतलेल्या दुसऱ्या तपासणीने ते नाकारले. मग अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने फवारणीच्या गावातील ११७ शाळकरी मुलगे आणि फवारणी न झालेल्या गावातील ९० मुलगे यांची तुलना केली. फवारणीच्या गावातील मुलांच्या रक्तात हे द्रव्य अधिक आढळले आणि त्यांचे वयात येणे लांबलेले दिसले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका रुग्णाकडे बोट दाखवून ‘याचे कारण हेच’ असे छातीठोकपणे सांगणे डॉक्टरला शक्य नसते. वाद रेंगाळतात ते त्यामुळेच. परंतु गावच्या गाव वेगळे दिसते तेव्हा पुराव्याची वाट पाहत फवारत राहणे हा शहाणपणा नव्हे.

एंडोसल्फान हे क्लोरीनयुक्त कीटकनाशक. मेंदूतील संदेश शांत करणारी जी यंत्रणा असते तिला ते अडवते, म्हणून तीव्र विषबाधेत झटके येतात. मातीत त्याचे रूपांतर होऊन जे द्रव्य बनते तेही तितकेच विषारी असते आणि अधिक काळ टिकते. ही रसायने पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र मुरतात. म्हणूनच ती प्राण्यांच्या शरीरात साठतात आणि दुधातून पुढच्या पिढीपर्यंत जातात. साठी ओलांडलेल्या वाचकांना ढेकूण-मुंग्यांसाठी गादीखाली टाकायची गॅमेक्झिन पावडर आठवत असेल. तीही याच कुळातली. त्यातील बीएचसीवर आपल्याकडे १९९७ मध्ये बंदी आली. माळ्यावर किंवा गोठ्यात तसला जुना डबा अजून पडून असेल, तर तो मूळ वेष्टनासह घट्ट बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात द्या. ओढ्यात ओतू नका, जाळू नका आणि रिकाम्या डब्यात धान्य वा पाणी भरू नका. गावाकडे कीटकनाशकांची पिंपे धुऊन पाणी साठवलेले मी अजूनही पाहते.

एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हा येथे स्टॉकहोम कराराच्या यादीत एंडोसल्फानचा समावेश झाला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याच्या वापरावर व उत्पादनावर बंदी घातली. जानेवारी २०१७ मध्ये प्रत्येक पीडिताला तीन महिन्यांत पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. पाच वर्षांनी न्यायालयात उघड झाले, की ३,७०४ जणांपैकी रक्कम मिळाली होती ती केवळ आठ जणांना, म्हणजे जे न्यायालयाची पायरी चढले त्यांनाच.

त्या आदेशांतले आकडे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर लहान मुले येतात. प्रत्यक्षात ती मुले आता चाळिशीला आली आहेत. मी ज्या घरी गेले तेथील मुलगा एकेचाळीस वर्षांचा आहे. त्याला बोलता येत नाही, मान सावरता येत नाही. त्याची आई सदुसष्ट वर्षांची. गुडघे गेले आहेत, तरी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवणे चुकलेले नाही, आणि इतक्या वर्षांत त्याच्या पाठीला एकही जखम झालेली नाही. कोणत्याही अतिदक्षता विभागाने हेवा करावा अशी ती शुश्रूषा आहे. परिसरात अशा मुलांसाठी ‘बड्स’ शाळा आहेत आणि त्यांचा मोठा आधार आहे, पण अंथरुणाला खिळलेल्यांना तेथे नेणार कोण? “माझ्यामागे याचं कोण?” हे तिने विचारले नाही. माझ्याबरोबरच्या शिक्षकांनी विचारले, आणि तिने कोनाड्यातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली.

वहीत कन्नडमध्ये सगळे लिहिलेले होते. झटके कोणत्या तारखेला आले आणि किती मिनिटे टिकले, अपस्माराची गोळी कोणती व किती वाजता, गोळी ओकली तर काय करायचे. पेज किती पातळ हवी, भरवताना मान कशी धरायची. तो कोणत्या आवाजाने घाबरतो. तो विशिष्ट तऱ्हेने ओठ मुडपतो तेव्हा त्याला लघवीला झालेली असते. हे सारे तिने धाकट्या सुनेसाठी लिहिले आहे. सून अधूनमधून वाचते आणि जे कळत नाही तेथे पेन्सिलीने खूण करून ठेवते.