आसगार्डची खिंड

“अहो, सिंहगड चढलेली माणसं आहोत आम्ही!” सिएटलच्या कुठल्याही मराठी घोळक्यात डोंगराचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतंच. आमच्यात ते आम्हीच टाकलं होतं, त्यामुळे पुढचा सगळा प्रकार कबूल करणंही आमच्याकडेच आलं.

सिएटलहून पूर्वेला अडीच तासांवर लेव्हनवर्थ नावाचं गाव आहे. लाकूडतोडीचा धंदा बसल्यावर १९६०च्या दशकात या गावाने बव्हेरियन वेष चढवला, आणि तो अजून उतरवलेला नाही. गावामागच्या कॅस्केड पर्वतात, १९७६ साली राखीव झालेल्या ‘आल्पाइन लेक्स’ अरण्यात, ‘एन्चान्टमेंट्स’ हा तळ्यांचा प्रदेश आहे. हे नाव दिलं ए. एच. सिल्व्हेस्टर या वनाधिकाऱ्याने. हजाराहून जास्त डोंगरांना, ओढ्यांना, तळ्यांना त्याने नावं दिली आणि १९४४ साली डोंगरवाटेवर घोडा बिथरून झालेल्या अपघातात तो गेला. पुढे लेव्हनवर्थच्याच बिल आणि पेग स्टार्क या जोडप्याने इथे नॉर्स पुराणातल्या नावांची खैरात केली. आसगार्ड म्हणजे त्या पुराणातल्या देवांचं निवासस्थान. थोडक्यात, आपल्याला इंद्रलोकात जायचंय हे नावातच सांगितलेलं आहे. आम्ही ते मनावर घेतलं नाही.

वर मुक्काम करायचा तर १५ मे ते ३१ ऑक्टोबर या काळासाठी परवान्याची सोडत निघते. आमचा नंबर लागला नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. एका दिवसात सगळं पार करायचं असेल तर वाटेच्या तोंडाशी ठेवलेला फुकटचा परवाना आपणच भरायचा. म्हणजे एकूण अठरा-एकोणीस मैल. एका टोकाला चढायचं, दुसऱ्या टोकाला उतरायचं, म्हणून गाड्या दोन लागतात.

पहिल्यांदा गेलो ते २०२२च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात. आम्ही दोघं, आमची सोळा वर्षांची लेक, मित्र आणि वहिनी. वहिनींनी पहाटे उठून दशम्या केल्या, लसणाची चटणी केली, कोणाची तरी टोपी घरी राहिली म्हणून परत फिरलो, आणि चालायला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पहिले चार मैल फर आणि हेमलॉकच्या गर्द झाडीतून. पायाखाली मुळं, कानाशी ओढा. मग एकदम झाडी संपते आणि कोल्चक तळं समोर येतं. हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ पाण्यात तरंगत असतं, त्यामुळे पाण्याचा रंग मोरपिशी दिसतो. तळ्याची उंची ५,५७० फूट. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याहून उंचावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या, आणि तासभर खाल्ल्या.

तळ्याच्या पलीकडे ड्रॅगनटेल शिखराच्या कुशीत आसगार्डची खिंड दिसते. उंची ७,८०० फूट. तळ्यापासून चढ दोन हजार दोनशे फुटांच्या वर, म्हणजे साधारण सिंहगडाएवढाच. पण तो जेमतेम एका मैलात, आणि तोही घसाऱ्यातून. सह्याद्रीतला चढ कितीही उभा असला तरी लाव्हाच्या थरांमुळे मध्ये मध्ये टप्पे मिळतात, माची लागते, दम खाता येतो. इथला ग्रॅनाइट सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात एकसंध थिजलेला, मग हिमनद्यांनी कापलेला. टप्पा नाहीच. नुसते धोंडे, आणि वाट दाखवायला लगोरीसारखे रचलेले दगड.

दीड वाजला तेव्हा आम्ही एक तृतीयांश चढलो होतो, आणि पुढे बर्फ होता. ऊन चांगलंच तापलेलं. बर्फ वरून भक्कम दिसत होता. मित्र पुढे झाला आणि चौथ्या पावलाला त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. ओढून काढला. सगळे हसलो. मग हसणं थांबलं, कारण त्या भोकातून पाण्याचा आवाज येत होता.

“बाबा, खाली पाणी वाहतंय. आपण परत जाऊ या,” लेक म्हणाली.

यावर आम्ही मोठी माणसं काय बोललो ते लिहायला आता लाज वाटते. “एवढं आलोय तर...” हे झालं. “कडेकडेने जाऊ” झालं. “आमच्या वेळी राजगडाला दोरसुद्धा नव्हता” हेही झालं. मित्र तर वहिनींवरच घसरला, “तुझ्या दशम्यांनीच उशीर झाला!” वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांनी सॅक पाठीला लावली. लेक एका धोंड्यावर बसली. “तुम्ही जा काका. मी इथून वर येणार नाही, आणि मला एकटीला टाकून तुम्ही जाणार नाही.” हिशोब अचूक होता. आम्ही उतरलो.

गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. अभिमान दुखावला होता आणि तो एका सोळा वर्षांच्या मुलीने दुखावला होता. पुढे वाचनात आलं, की त्याच उतारावर बर्फाखालच्या वाहत्या पाण्यात कोसळून माणसं गेलेली आहेत. उन्हाळा चढतो तसा ओढा बर्फाला आतून पोखरतो आणि वर नुसतं कवच उरतं. आम्ही दोघंही इंजिनियर. आधार नसलेल्या स्लॅबवर किती भार घालायचा, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं होतं.

दुसऱ्यांदा गेलो ते २०२४च्या ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी. आदल्या आठवड्यात मित्र दशम्यांबद्दल वहिनींची माफी मागून मोकळा झाला होता (दोन वर्षं लागली). लेक आता कॉलेजला, लांब. तिने फोनवर एकच अट घातली: अकरापर्यंत खिंडीत पोचला नाहीत तर जिथे असाल तिथून मागे. पहाटे पाचला कपाळावर दिवे बांधून निघालो. तळ्यावर उजाडलं. घसाऱ्यात बर्फाचा मागमूस नव्हता. तरी छाती भात्यासारखी चालत होती. दहा वाजून चाळीस मिनिटांनी खिंड.

आणि वर? वर सोनं होतं. लार्च हे झाड सूचिपर्णी असूनही हिवाळ्याआधी पानं गाळतं, आणि त्याआधी काही दिवस पिवळंधमक होतं. पांढरा कातळ, एकामागून एक निळी तळी, आणि मधे ही पेटलेली झाडं. हात लावला तर सुया मऊ लागतात, बाळाच्या जावळासारख्या. उजवीकडे ‘लिटल अन्नपूर्णा’ नावाचं ८,४४० फुटी शिखर. खऱ्या अन्नपूर्णेच्या एक तृतीयांशसुद्धा नाही, पण परक्या मुलखात माहेरचं नाव ऐकू आलं की बरं वाटतं. वहिनींनी तिला हात जोडले.

इथे पांढऱ्या रानबकऱ्या राहतात. त्यांना मिठाची भयंकर हाव. माणसाच्या लघवीतल्या मिठासाठी त्या माती उकरतात, झाडोरा उपटतात, म्हणून तो विधी वाटेपासून दूर, उघड्या कातळावर उरकावा असा इथला शिरस्ता आहे. आमचा मित्र त्यासाठी आडोशाला गेला आणि मिनिटभरात दोन बकऱ्या मागे लागून धावत परत आला. अधिक तपशील देत नाही.

खरी परीक्षा उतरताना. ७,८०० फुटांवरून १,३०० फुटांपर्यंत. विवियन तळ्यापाशी गुळगुळीत कातळात लोखंडी सळ्या ठोकल्यात, त्यावर पाय ठेवत उतरायचं. चारला स्नो लेक्स. वरच्या आणि खालच्या तळ्यामध्ये एक बुटका बांध आहे, त्यावरूनच वाट जाते. इथे आम्ही गुडघे विसरून थांबलो. ग्रँड कूली धरणाला माशांसाठी वाट ठेवलेली नाही. तिथे अडलेल्या सामनची भरपाई म्हणून लेव्हनवर्थला मत्स्यबीज केंद्र काढलं, आणि उन्हाळ्यात त्याला गार पाणी मिळावं म्हणून वरच्या तळ्यातून खडक फोडून नाडा तळ्यापर्यंत बोगदा काढला. झडप उघडली की पाणी ओढ्याने खाली. देवांच्या मुलखात बसवलेली ती झडप ज्याने आखली, त्याच्याबरोबर एक कप चहा घ्यायला आम्हाला आवडलं असतं.

शेवटचे तीन मैल पुन्हा कपाळावरच्या दिव्यावर. वहिनींचा गुडघा सुजला होता. मित्राने त्यांची सॅक पोटाशी अडकवली आणि न बोलता पुढे चालत राहिला. आठ वाजता गाडी दिसली. लेव्हनवर्थला पोचल्यावर फोनला रेंज आली, लेकीला लावला.

“खिंडीत किती वाजता?”

“दहा चाळीस.”

“मग ठीक,” ती म्हणाली. तिची सोमवारी परीक्षा होती.