जामीनदार

आमच्या चिरंजीवांना इंग्रजी मालिका पाहण्याचे वेड आहे. रात्री त्यांच्या खोलीतून तलवारींचा खणखणाट सुरू झाला की शेजारी सकाळी आमच्या सौ.कडे जरा काळजीनेच पाहतात. परवा मीही आत जाऊन बसलो. 'गेम ऑफ थ्रोन्स' नावाची ती मालिका २०१९ सालीच संपली आहे. पण आमच्या घरातले युद्ध अजून चालूच आहे. पडद्यावर जेमी लॅनिस्टर नावाचा सोनेरी केसांचा सरदार होता.

"बाबा, हा एक नंबरचा तलवारबाज. पण ज्या राजाच्या रक्षणाची शपथ घेतली, त्यालाच यानं मारलं. राजा वेडा होता, सगळं शहर जाळायला निघाला होता. पण ते कुणाला ठाऊक नाही. मग जन्मभर बदनामी. पुढं तर याचा उजवा हातच तोडतात. तरी घरच्यांची बाजू काही सोडत नाही."

"म्हणजे आपला कर्णच की!"

"बाबा, जगातलं सगळं तुमच्याकडं आधीच झालेलं असतं का?"

आता याला काय सांगणार? शाळेत असताना लायब्ररीतून आणलेले शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' वाचून मी इतका रडलो होतो की, आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. रथाचे चाक रुतले तिथे माझे गणितही रुतले, ते पुढे कॉमर्सला गेलो तरी निघाले नाही. बँकेत लागल्यावर इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' हाती आले. दोन्ही पुस्तके १९६७ चीच! एकाने रडवायचे आणि दुसऱ्याने डोळे पुसून नीट बघ म्हणायचे. बघितले. धनुष्य अर्जुनाच्या तोडीचे, हे खरेच. पण गंधर्वांपुढून हाच पळाला, आणि भर सभेत द्रौपदीला नको ते हाच बोलला.

तरी माझा जीव त्याच्यावरून उठला नाही. कारण वीस वर्षे कर्जविभागाजवळ बसल्यामुळे मला एक गोष्ट दिसली: कर्ण हा महाभारतातला जामीनदार आहे. (अंगदेशाचे राज्य त्यानेच घेतले, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या तो कर्जदार ठरेल, पण ते ऑडिटवाले पाहतील.) तू थोरला पांडव आहेस, राज्य तुझेच, असे कृष्णाने स्पष्ट सांगितले. हा नाही म्हणाला. वर पांडवच जिंकणार असे स्वप्न पडल्याचे कृष्णालाच सांगून मोकळा! म्हणजे खाते बुडणार हे ठाऊक, आणि तरी सही.

माझी सही लातूरच्या चुलतभावासाठी होती. लहानपणी सुट्टीत तो नांदेडला यायचा. गोदावरीच्या घाटावर मला कोपराला धरून पोहायला त्यानेच शिकवले. दुकानासाठी त्याला एका पतसंस्थेचे कर्ज हवे होते. "दादा, तू निस्ती सही कर. बाकी मी हाय की." काउंटरवर रोज गिऱ्हाइकांना 'जामीन राहताना विचार करा' सांगणारा मी, फॉर्मही न वाचता सही करून आलो. बापूने तीन हप्ते भरले. मग पगारातून माझी कपात सुरू झाली. शाखेत नोटा मोजण्यात माझ्या हाताचे नाव होते; आता त्याच हाताची थट्टा होऊ लागली. शिपाई चहा देताना म्हणायचा, "साहेब, यावर सही नको."

जेमीचा हात तुटला, माझा शाबूत राहिला. पंचाईत तीच तर आहे.

चार वर्षांत पैसे फिटले. मात्र बापू यायचा बंद झाला. मी फोन करतो. तो उचलत नाही.

"तुम्हाला आधीच माहीत होतं का, काका हप्ते भरणार नाहीत?" चिरंजीवांनी मालिका थांबवून विचारले.

"लाव पुढं," मी म्हणालो.

त्या वेळी सर्वांत जास्त चिडली होती ती सौ. पण दर दिवाळीला फराळाचा डबा लातूरच्या एस.टी.ने तीच पाठवते. डबा स्वच्छ घासून, रिकामा परत येतो. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, हे बापूच्या बायकोलाही ठाऊक आहे, त्यावरून सौ. दरवर्षी आठवडाभर बोलते.

यंदा डबा आला तेव्हा तळाशी चिमूटभर साखर होती. सौ. काही बोलली नाही. तिने ती माझ्या चहात घातली.