पेठेतले घर

पेठ वडगावचे वडिलार्जित घर विकावे, असे मुलांनी सुचविले, तेव्हा मी प्रथमच आपल्या गावाचा जमाखर्च मांडावयास बसलो. हातकणंगले या एकाच तालुक्यातील आमचे शेजारी केवढे भाग्यवान! इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. घोरपड्यांच्या जहागिरीचे ते गाव २०२२ साली महानगरपालिका झाले. हुपरीने चांदीच्या पैंजणांवर आपले नाव दूरदूर पोहोचविले. आणि वडगावने? १७०८ साली सेनापती धनाजी जाधव येथे निवर्तले. त्यांची समाधी आणि नावामागची ‘पेठ’, एवढीच आमची मिरास! तरुणपणी मला तिची थोडी लाजच वाटे.

परंतु घर आवरताना आईची पेटी उघडली. आत इचलकरंजीचे लुगडे होते, हुपरीचे पैंजण होते. आणि दोन्ही तिने घेतले होते वडगावच्या बाजारात. शेजाऱ्यांचे कर्तृत्व जेथे एकमेकांस भेटते, ती पेठ! काही न घडविणाऱ्या गावाचेही एक कार्य असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर उमगले.

गिऱ्हाईक उद्या यावयाचे आहे. त्याला काय सांगावे, याचा मी अजून विचार करीत आहे.