फ्लेक्सवरचे जावई

१७ एप्रिल २०२५, गुरुवार

'जिवंत सातबारा' मोहिमेचे वारस ठराव रविवारपर्यंत उरकायचे आहेत. मंडळातल्या गावांचा नुसता ढीग लागलाय. तलाठ्याने चौकशी करून ठराव मांडायचा, मंडळ अधिकारी म्हणून मी तपासून मंजूर करायचा. मग फेरफार, मग नोटिसा, पंधरा दिवस हरकतीची वाट, आणि शेवटी प्रमाणित करायला पुन्हा माझ्याचकडे. एवढ्या चाळण्यांतून गेल्याशिवाय सातबाऱ्यावरचं अक्षर हलत नाही म्हणे. प्रत्यक्षात चाळणी म्हणजे माझे दोन डोळे, तेही सर्व्हर चालू असेल तेवढाच वेळ.

एक ठराव बाजूला ठेवला. क्षेत्र १ हेक्टर २१ आर, मयत खातेदार, बायको त्याच्या आधीच गेलेली, वारस दोन मुलगे. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलांचा दाखला, सगळं जागच्या जागी. इतकं नीटनेटकं प्रकरण आलं की मला उलट शंका येते.

१९ एप्रिल, शनिवार

त्या गावाला जाऊन आले. रस्त्याकडेला उन्हाळी कांद्याची पोळ, वर फ्लेक्स अंथरलेला, चार कोपऱ्यांना दगड. फ्लेक्सवर पांढऱ्या टोपीतले म्हातारबाबा: माझ्या फाइलीतले मयत खातेदार. दशक्रियेचा फ्लेक्स, आता कांद्याला सावली धरून. खाली 'शोकाकुल'. मुलगे दोन, सुना दोन, नातवंडं, समस्त भाऊबंद. आणि मध्येच, ठळक अक्षरांत, दोन जावई.

मुली प्रतिज्ञापत्रात नव्हत्या, फ्लेक्सवरही नव्हत्या. पण जावयांचा मान राखावाच लागतो ना!

धाकट्याला विचारलं. तो लाजला नाही की चिडलाही नाही. म्हणाला, "त्या काय मागणार आहेत का मॅडम? हक्क सोडूनच देतील. मग उगाच नावं कशाला लावायची?"

"सोडायला आधी हातात असायला लागतं ना भाऊ. नाव लावू द्या. मग त्यांच्या मनात असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र आणा, त्याचीही नोंद घेते."

मोठा भाऊ तोवर कांदे निवडत होता. मान वर केली नाही.

२१ एप्रिल, सोमवार

ठराव चार नावांचा करून घेतला, फेरफार धरला. आप्पा (आमचे तलाठी, हुद्द्याचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, गावाला ते आप्पाच) विचारतात, "नोटीस चावडीवर लावली की झालं ना?" नाही झालं. कलम १५०(२) मध्ये चावडी आहे, पण हितसंबंधी माणसांना लेखी कळवणंही आहे. ज्यांचा हितसंबंध असावा असं वाटायला कारण आहे, त्यांनाही. थोरली शेजारच्या तालुक्यात, धाकटी सुरतेला. चावडीवरचा कागद सुरतेहून कोण वाचणार? थोरलीची नोटीस हातोहात, धाकटीची टपालाने.

आप्पा कुरकुरले. त्यांना दोष देत नाही. मी नवीन सर्कल असताना अशीच एक नोंद चावडीच्या भरवशावर प्रमाणित केली होती. डोंगल लावला, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. सहा महिन्यांनी बहीण उभी राहिली. तेव्हा कळलं की माझीच नोंद मला फिरवता येत नाही. लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ खाली तहसीलदार, नाहीतर प्रांतांकडे अपील. वारस गाळणं हा काही लेखनप्रमाद नव्हे. चार वर्षं ती बाई कागदांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन तारखांना येत होती. जिन्यात मी दिसले की राम राम करायची. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

कलम ८५ च्या वाटपाची एक नोंद. क्षेत्र इथेही १.२१.००, भाऊ तीन. प्रत्येकी ०.४०.३३ धरलं तर बेरीज १.२०.९९. एक चौरस मीटर कुणाच्याच नावावर नाही! नोंद परत पाठवली. तो मीटर धाकट्याला द्यायचं तिघांनी हसत ठरवलं. आता आदेशही तसा दुरुस्त होऊन यायला हवा.

३० एप्रिल, बुधवार

आज आखाजी. बापाची घागर भरायला थोरली बहीण माहेरी आलेली, तिथून थेट ऑफिसात. नोटिशीची चार पदरी घडी पाकिटातून काढून टेबलावर ठेवली.

"सही कुठं करायची?"

म्हटलं, सही नको. हरकत असेल तर सांगा.

"कशाला हरकत? नाव लावायला की काढायला?"

नोटिशीच्या भाषेत हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. मंजुरीनंतर सातबारा कसा दिसेल त्याचा मसुदा स्क्रीनवर काढला, तिचं नाव दाखवलं. तिने काचेवर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. मग बोटाचा डाग पदराने पुसला. "भाऊ रागावलेत का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा.

हरकत नाही म्हणाली.

५ मे, सोमवार

आढावा बैठक. प्रलंबितमध्ये माझं मंडळ खालून तिसरं. सुरतेची पोहोच २३ तारखेची, मुदत ८ पर्यंत. "एका नोंदीसाठी काय अडलंय?" मी तारीख सांगितली आणि गप्प बसले.

९ मे, शुक्रवार

मुदत काल संपली. हरकत नाही, हक्कसोडपत्रही आलेलं नाही. चौघांची नावं आधारशी पुन्हा ताडली, क्षेत्र सामाईक १.२१.०० तसंच आहे हे पाहिलं, सोसायटीचा बोजा इतर हक्कात कायम आहे हेही पाहिलं. सव्वाचारला सर्व्हर आला. फेरफार प्रमाणित. मोहिमेच्या तक्त्यात त्याची एक नोंद धरली गेली.