फेस

पुण्याहून काल पावसला परतले. अंग आंबलंय, पण मन अजून त्या काचेपाशीच आहे. भाचा त्याच्या घराजवळच्या बिअरच्या टॅपरूममध्ये घेऊन गेला होता. पुण्यात 2009 साली 'डूलाली' ही देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली, मग अशा जागा वाढत गेल्या. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या आणि सगळीकडे भिजलेल्या धान्याचा वास. मोड आणून सुकवलेलं जव गरम पाण्यात मुरतं, तो रस हॉप्सबरोबर उकळतो, निवला की यीस्ट घालायचं. मग नुसतं थांबायचं. "मावशी, घाई केली की चव बिघडते," भाचा म्हणाला. पेल्यावरचा फेस मी बराच वेळ बघत राहिले. बुडबुडे फुटत होते, खालून नवे येत होते.

मला आमच्याकडचे माड आठवले. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, शेंडा कोयत्याने पातळ कापायचा, खाली मडकं. भंडाऱ्यांच्या हातातली ही पिढ्यांची कला. तिथे यीस्ट घालावं लागत नाही. हवेतलं आणि मडक्यातलं आपणहून कामाला लागतं. गोड रसाची काही तासांत फेसाळ माडी होते.

आमचं पावस हे संत स्वामी स्वरूपानंदांचं गाव. आमच्या घरात माडीचं नावही कोणी काढत नसे. पण पुण्यातल्या पेल्याचं कौतुक आणि माडाखालच्या पेल्याला नाक मुरडणं, हे मला खुपतं. आंबणं तर दोन्हीकडे तेच. भाच्याने माडी कधी चाखलेली नाही. मे महिन्यात तो येईल, तेव्हा कोणाकडे चौकशी करावी, हे काही अजून ठरत नाही.