बिनकांद्याचा फ्रान्स

कुठलाही परदेशी पदार्थ मीरा-भाईंदरच्या हद्दीत शिरला, की त्याला आधी एकच प्रश्न विचारला जातो, "जैनमध्ये मिळेल का?" पिझ्झाला विचारून झालं, नूडल्सना विचारून झालं. आमच्या कन्येने या चौकशीसाठी साक्षात फ्रान्सलाच उभं केलं.

पदार्थाचं नाव बफ बूर्गिन्यों. हे उच्चारताना जिभेइतकंच नाकालाही काम पडतं. बर्गंडी प्रांताच्या नावाचा हा रस्सा. १९०३ साली एस्कॉफिए या थोर आचाऱ्याने त्याला आपल्या ग्रंथात बसवलं आणि १९६१ साली ज्यूलिया चाइल्डबाईंच्या पुस्तकाने तो अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत नेला. गोमांस लाल वाइनमध्ये तीनेक तास मंद आचेवर शिजवायचं. सोबत डुकराच्या मांसाचे तुकडे, कांदे, लसूण, गाजरं, मशरूम. आणि हा पदार्थ करून समोरच्या भाभींना जेवायला बोलवायचं, असं कन्येने ठरवलं!

आता खातं तपासू. दोन्ही मांसं आमच्या हिने खोडली. आम्ही मासे खाणारे, आमची झेप पापलेटापर्यंत. वाइन मातुःश्रींनी खोडली. उरलेल्यावर भाभींचा नियम लागू झाला. कांदा-लसूण नाही, गाजर जमिनीखालचं म्हणून नाही, मशरूम तर नाहीच नाही. शिल्लक काय, तर तमालपत्र, मिरी आणि मीठ. एवढ्या शिलकीवर आमच्या बँकेत कुणी चेकबुकसुद्धा देणार नाही.

मग हा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे, की गेली दहा वर्षं भाभींकडून ढोकळा येतो, खाखरे येतात. वाटी रिकामी परत करू नये, म्हणून आम्ही तीत साखर घालून पाठवतो. आमच्या घरात माशाशी संबंध न आलेली तेवढी एकच वस्तू. दहा वर्षं नुसती साखर! त्या घरात कुणाला मधुमेह झाला, तर पहिला संशय आमच्यावरच यायचा.

कन्येने हिशेब नव्याने मांडला. मांसाच्या जागी खाडीपलीकडच्या वसईची कच्ची केळी, आंबट-लाल वाइनच्या जागी आमसुलं, कांद्याच्या जागी हिंग. पण खरी अडचण पुढेच होती. मांस तीन तास शिजलं, की त्यातला चिवट भाग विरघळून रस्सा दाट होतो. केळं तीन तास शिजवलं, तर त्याची खळ होते. म्हणून टोमॅटोचा रस्सा आधी एकटाच आटवला, तुपात खरपूस भाजलेल्या मैद्याने दाट केला आणि तळलेली केळी शेवटच्या दहा मिनिटांत सोडली. हे सगळं कोऱ्या पातेल्यात. पातेलं अर्थातच माझ्या नावे खर्ची पडलं.

रविवारी, सूर्यास्ताच्या आत, भाभी जेवायला बसल्या. खुद्द फ्रान्समध्ये तेव्हा दुपार होती. भाभींनी एक घास घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "केळांनुं शाक बहु सरस छे!"

बूर्गिन्योंचं एका क्षणात केळ्याचं शाक झालं. कन्येचा चेहरा पडला. पण भाभींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आणि निघताना, "आमच्या ह्यांच्यासाठी थोडं द्या ना," म्हणत वाटी पुढे केली.

आमच्या घरातून त्या वाटीत साखरेखेरीज काही जाण्याची ती पहिलीच वेळ.