रेशमी खुर्ची आणि तेलाचा डाग

घरात रेशमाने मढवलेली खुर्ची असेल, तर डाग पडताच पाण्याकडे जाणारा हात आधी थांबवा. रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. भिजलं की ते कमकुवत होतं. घासलं तर बारीक तंतू उभे राहतात आणि तिथली चमक जाते ती जातेच. साडी निदान अख्खी पाण्यात घालता येते. खुर्चीची एकच जागा भिजते आणि वाळताना तिच्याभोवती कडं उमटतं. पुष्कळदा मूळ डागापेक्षा ते कडंच डोळ्यांत भरतं.

आम्ही चेन्नईत एग्मोरला राहतो. इथल्या पँथियन रोडवर सरकारी संग्रहालय आहे आणि 1935 साली सुरू झालेल्या को-ऑप्टेक्स या हातमाग संस्थेचं मुख्य कार्यालयही. रेशमाचं कौतुक करणारी माणसं इथे पावलोपावली भेटतात, पण हवा मात्र रेशमाची वैरीण. पुण्यात दिवाळीची कोवळी थंडी सुरू होते तेव्हा आमच्याकडे ऐन पावसाळा असतो, तो डिसेंबरपर्यंत. म्हणून खुर्ची भिंतीला टेकवायची नाही, वीतभर पुढे ठेवायची, पंख्याचा वारा लागू द्यायचा. ओल आली की उन्हात टाकायची आपली सवय इथे कामाची नाही. कडक उन्हाने रेशीम पिवळं पडतं, ठिसूळ होतं.

आमच्या खुर्चीचं कापड सासूबाईंच्या शालूचं आहे. काठ विरले तेव्हा त्यांनीच ते मधल्या अंगाचं काढून सासऱ्यांच्या खुर्चीला लावून घेतलं. सासरे रोज डोक्याला खोबरेल लावून तिथे पेपर वाचत. डोकं टेकायच्या जागी तळहाताएवढा डाग. ते गेल्यावर वर्षभर त्याला कुणी हात लावला नाही. यंदा सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "अगं, मुंग्या लागतील, बघ काहीतरी."

शेजारणींनी सोडा सुचवला, लिंबू सुचवलं, कुणी डाग काढायची पावडर आणून दिली. सोड्यातला क्षार रेशमाला सोसत नाही. लिंबाने रंग उडू शकतो. त्या पावडरीत बहुधा प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स असतात. घामाचे डाग ती त्यामुळेच काढतात, पण रेशीमही प्रथिनच की! आणि क्लोरीनवालं ब्लीच तर रेशीम चक्क विरघळवतं.

तेलावर कोरडा उपाय बरा. बिनवासाची टाल्कम पावडर आधी खुर्चीच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून पाहिली. मग डागावर पातळ थर भुरभुरवून रात्रभर ठेवला आणि सकाळी मऊ ब्रशने, विणीच्या दिशेने, अलगद झटकला. कॉफी सांडली तर पांढरं सुती फडकं नुसतं दाबायचं, कडेकडून मध्याकडे. एवढ्याने भागलं नाही तर रेशमाचं काम करणारा ड्रायक्लीनर गाठा. आठवड्याची धूळ व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मलमल बांधून, कमी जोरावर काढा. ही धूळच धागे कापते.

जुनं तेल हट्टी असतं, पिवळं होऊन धाग्यात मुरतं. तीन रात्रींनंतर आमचा डाग फिकट झाला, गेला नाही. चौथ्या रात्री मी डबा उघडला तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे आता. एवढा असू दे."

मी डबा ठेवून दिला.